पोलादावरची साय

स्टीलचे पातेले गॅसवर कोरडे राहिले की त्याच्या बुडाला आधी फिकट पिवळा, मग तपकिरी-जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. घरात आपण चिंच नाहीतर लिंबाची फोड घेऊन तो घासतो आणि विसरून जातो. कल्याणच्या पुढे अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत मात्र हाच रंग घालवण्यासाठी नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लाचे मिश्रण वापरावे लागते. रसायनांच्या टाक्या, औषध कारखान्यांचे रिॲक्टर, डेअरीच्या नळ्या, काहीही असो. वेल्डिंग झाले की सांध्याच्या दोन्ही अंगांना इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात आणि ते निघाल्याशिवाय गिऱ्हाईक माल ताब्यात घेत नाही.

एका रंगाची एवढी धास्ती का? तो काढायला लागणारे आम्ल शेवटी कुठे जाते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षांच्या रसायनशास्त्रात आहे आणि त्याचे एक टोक मुंबईत सापडते. दुसऱ्याचे उत्तर वालधुनी आणि उल्हास या दोन नद्यांच्या काठी आहे. ही दोन उत्तरे सहसा वेगवेगळी लिहिली जातात: एक धातुशास्त्राच्या पुस्तकात, दुसरे प्रदूषणाच्या बातमीत. ती एकत्र वाचली, तर नदीचा प्रश्न सांडपाण्याच्या नळाशी सुरू होत नसून त्याच्या कितीतरी आधी, वेल्डरच्या टेबलाशी सुरू होतो, हे लक्षात येते.

कळक आणि कल्हई

स्टील येण्यापूर्वी मराठी स्वयंपाकघर तांब्या-पितळेचे होते. पितळेच्या उघड्या भांड्यात ताक, आमटी किंवा चिंचेचे सार राहिले की ते ‘कळकायचे’. आंबट पदार्थ तांब्याला विरघळवतो आणि त्याचे क्षार अन्नात उतरतात. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडे तापवून आत नवसागर फिरवी, पांढरा धूर उठे, आणि मगच तो कथलाचा हात देई. नवसागराचे काम धातूवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकण्याचे. तो थर निघाल्याशिवाय कथील तांब्याला धरत नाही. धातूचे वर्तन त्याच्या पोटावर नव्हे तर कातडीवर ठरते, आणि उष्णता दिली की ती कातडी बदलते, ही गोष्ट कल्हईवाल्याला हातानेच कळलेली होती.

कथलाचा थर बाहेरून दिलेला असे, त्यामुळे तो झिजे आणि काही महिन्यांनी पुन्हा द्यावा लागे. स्टीलची भांडी आली तेव्हा गृहिणींना त्यांचे अप्रूप वाटले ते यासाठीच. कल्हई नको, कळक नाही, आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात बोहारणीकडून डबा किंवा पातेले मिळे. स्टीललाही कल्हई असते, फक्त ती स्वतःची स्वतः होते, हे मात्र कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

ही स्वयंभू कल्हई म्हणजे क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा. पोलादात क्रोमियम किमान साडेदहा टक्के असले, तर हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन लागताच तो आपोआप तयार होतो. त्याची जाडी एक ते तीन नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा. दुधावर साय धरते तसा तो धरतो. ओरखडा पडून फाटला, तरी ऑक्सिजन मिळाला की क्षणार्धात पुन्हा धरतो. शास्त्रात या स्थितीला निष्क्रियता म्हणतात. अगंज पोलाद गंजत नाही असे म्हणणे खरे तर चूक आहे. ते गंजते, पण इतके नेटके आणि इतके पातळ गंजते की तो गंजच पुढच्या गंजाला अडवून धरतो.

मुंबईचे वूट्झ, लंडनचा फॅरडे

ही साय माणसाला सापडली ती वळणावळणाने. १७९० च्या दशकात मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे भारतीय पोलादाचे नमुने पाठवले. या पोलादाला तिकडे ‘वूट्झ’ हे नाव पडले. १७९५ साली जॉर्ज पिअरसन यांनी त्यावर रॉयल सोसायटीत निबंध सादर केला. निबंधाच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत बनते असा उल्लेख होता. वूट्झचे खरे माहेर दख्खन आणि दक्षिण भारत. पण ते जहाजावर चढले मुंबईहून, म्हणून कागदावर मुंबई आली.

लंडनचे शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारे कारागीर जेम्स स्टोडार्ट वूट्झवर फिदा होते. तसेच पोलाद इंग्लंडात घडवावे म्हणून त्यांनी एका तरुण रसायनज्ञाला हाताशी धरले. तो म्हणजे मायकेल फॅरडे. दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असे निरनिराळे धातू मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातला पहिला लेख फ्रान्समध्ये पिएर बर्थिए यांच्या वाचनात आला. त्यांनी १८२१ साली क्रोमियम मिसळून पाहिले, आणि लोखंडात क्रोमियम वाढले की आम्लाचा त्यावर परिणाम कमी होतो असे नोंदवले. सुऱ्या-कात्र्यांसाठी अशा पोलादाचा उपयोग होईल असेही त्यांनी सुचवले. मग फॅरडे आणि स्टोडार्ट यांनीही क्रोमियम वापरून पाहिले.

त्या काळी कर्बाचे प्रमाण हवे तितके कमी ठेवता येत नसे. क्रोमियम जास्त घातले की पोलाद ठिसूळ होई, म्हणून विषय तिथेच थांबला. पण फॅरडे यांच्या हातून आणखी एक धागा सुटला तो महत्त्वाचा. १८३६ मध्ये बाझलचे प्राध्यापक शोनबाइन यांनी त्यांना पत्राने एक कोडे कळवले. सौम्य नायट्रिक आम्लात लोखंड खळखळून विरघळते. तीव्र आम्लात बुडवले तर ते गप्प बसते, आणि नंतर सौम्य आम्लातही काही काळ गप्पच राहते. फॅरडे यांनी तर्क केला की लोखंडाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे काहीतरी आवरण धरले असावे, डोळ्यांना न दिसणारे. तो बरोबर होता. मात्र तो थर अणूंच्या पातळीवर मोजण्यासाठी विसाव्या शतकातील इलेक्ट्रॉन वर्णपटशास्त्राची वाट पाहावी लागली. ते तंत्र उभे करणारे स्वीडनचे काई सीगबान यांना १९८१ चे नोबेल मिळाले.

हॅडफील्ड यांचे आम्ल चुकले

वूट्झचा धागा आणि पत्रातले कोडे यांची गाठ पडायला पाऊण शतक लागले, आणि त्यात एक आम्ल आडवे आले. शेफील्डचे नामांकित धातुतज्ज्ञ रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८९२ साली क्रोमियमयुक्त पोलादांची पद्धतशीर तपासणी केली. गंजरोधाची कसोटी म्हणून त्यांनी तीव्र सल्फ्युरिक आम्ल घेतले. नमुने खाल्ले गेले. क्रोमियममुळे पोलादाची टिकाऊ शक्ती वाढत नाही, उलट घटते, असा निष्कर्ष निघाला. एवढ्या मोठ्या माणसाने दिलेला निकाल म्हटल्यावर बरेच जण त्या वाटेला गेले नाहीत.

चूक प्रयोगात नव्हती, कसोटीत होती. नायट्रिक आम्ल धातूला ऑक्सिजन पुरवते आणि साय धरू देते. त्या प्रमाणातले सल्फ्युरिक आम्ल ऑक्सिजन पुरवत नाही. साय फोडते आणि पुन्हा धरू देत नाही. १९११ मध्ये जर्मनीतील फिलिप मोनार्ट्झ यांनी हा फरक स्वच्छ मांडला. क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास गेले की वर्तन एकदम पालटते, कर्ब कमी हवा, आणि पोलादाचा टिकाऊपणा त्या ऑक्साइडयुक्त निष्क्रिय अवस्थेवर अवलंबून असतो, हे त्यांनी दाखवले.

पुढची पावले भराभर पडली. १९१२ मध्ये जर्मनीच्या क्रुप कारखान्यात बेनो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी क्रोमियम-निकेल पोलादाची पेटंटे घेतली. १३ ऑगस्ट १९१३ रोजी शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी जवळजवळ तेरा टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले. ते बंदुकीच्या नळ्यांची झीज थांबवण्याचा मार्ग शोधत होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुना आम्लाने कोरावा लागतो. हा नमुना कोरला जाईना. सुऱ्या बनवणाऱ्या अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी तो व्हिनेगरमध्ये ठेवून पाहिला आणि ‘स्टेनलेस’ हे नाव दिले. म्हणजे शेवटी कसोटी लागली ती आंबटाचीच, आपल्या कळकण्याची.

ब्रिअर्ली यांच्या पोलादाला एक अट होती. ते योग्य तापमानाला तापवून पाण्यात किंवा तेलात विझवले तरच गंज नीट रोखला जाई. हळूहळू थंड केले तर क्रोमियम कर्बाशी जोडी करून बसे आणि साय धरायला मोकळे उरत नसे. अगंज पोलादाच्या जन्मापासूनच ऑक्सिजन आणि उष्णता यांची अशी दुहेरी चाल आहे. खोलीच्या तापमानाला ऑक्सिजन तारतो. तापलेल्या धातूवर तोच ऑक्सिजन मारतो.

आचेची दोन दुखणी

क्रुपचे क्रोमियम-निकेल पोलाद वाकवायला, ओढायला उत्तम होते. शेकडा अठरा क्रोमियम आणि आठ निकेल हा प्रकार १९२४ च्या सुमारास रूढ झाला. आज आपण ज्याला ३०४ म्हणतो तो त्याचाच वंशज. पण त्याच्या टाक्या वेल्ड करून वापरात आल्या आणि एक विचित्र तक्रार सुरू झाली. सांधा मजबूत राही, मात्र सांध्यापासून जरा दूर, समांतर रेषेत, धातू आतून भुगा होऊन गळे.

कारण असे. सव्वाचारशे ते साडेआठशे अंश सेल्सियसच्या टप्प्यात पोलाद रेंगाळले तर क्रोमियम आणि कर्ब मिळून कार्बाइड बनते, आणि ते धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर जाऊन बसते. सीमेलगतचा पट्टा क्रोमियमला मुकतो. तिथे साय धरत नाही आणि आम्ल त्या सीमांवरून आत घुसते. १९३० मध्ये श्ट्राउस आणि सहकाऱ्यांनी, १९३३ मध्ये अमेरिकेत बेन, ॲबॉर्न आणि रदरफोर्ड यांनी याचा उलगडा केला. उपाय तीन निघाले: हजार-अकराशे अंशाला तापवून झटकन विझवणे, कर्बाला आधीच पकडून ठेवणारे टायटेनियम किंवा नायोबियम मिसळणे, नाहीतर कर्बच ०.०३ टक्क्यांच्या खाली आणणे. तिसरा उपाय स्वस्त झाला तो १९६८ नंतर, वितळलेल्या पोलादातून आर्गॉन आणि ऑक्सिजन फुंकण्याची पद्धत कारखान्यात आली तेव्हा. ‘३१६ एल’ मधले ‘एल’ अक्षर कमी कर्बाची हीच खूण.

पहिले दुखणे पोलाद कारखान्यातच बरेचसे मिटले. दुसरे मात्र दर सांध्याला नव्याने जडते, आणि ते म्हणजे तो रंग. तापल्यावर साय जाड होत जाते. दोन-तीन नॅनोमीटरची ती दहा, पन्नास, शंभर नॅनोमीटरची होते. तिच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि रंग दिसतो, पावसाळ्यात रस्त्यावरच्या तेलाच्या थेंबावर दिसतो तसाच. हवेत तापवलेल्या ३०४ वर साधारण तीनशे अंशाच्या आसपास फिकट पिवळा, चारशेच्या जवळ तपकिरी, साडेचारशेला जांभळा, साडेपाचशेला निळा, सहाशेला गडद निळा. जाणत्या कारागिराला हा रंग म्हणजे तापमानाची पट्टीच.

साय जाड झाली म्हणजे संरक्षण वाढले असे वाटेल. घडते उलटे. जाड थर सच्छिद्र असतो, त्यात लोखंडाचे ऑक्साइड शिरते. आणि तो बांधण्यासाठी क्रोमियम ओढले जाते ते लगतच्या खालच्या धातूतून. त्यामुळे रंगाच्या खाली क्रोमियम कमी झालेला एक बारीक पट्टा उरतो. पाण्यात क्लोराइड असेल, म्हणजे मीठ, ब्लीचिंग पावडर किंवा आम्लाचा अंश, तर नेमका तिथे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि आत खोल जातो. कारखान्यात धास्ती आहे ती या खड्ड्याची. रंग त्याची आगाऊ सूचना आहे. म्हणूनच रंगाबरोबर खालचा तो गरीब पट्टाही काढावा लागतो. नुसते बफिंग करून चकाकी आणली तर रंग जाईल, पट्टा राहू शकतो.

अंबरनाथ ते बदलापूर

ही विद्या या पट्ट्यात का रुजली हे समजण्यासाठी पट्ट्याचा इतिहास थोडा पाहायला हवा. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले, इसवी सन १०६० च्या शिलालेखाचे, आणि ते उभे आहे वालधुनीच्या काठी. आठशे वर्षांनी, १८५६ मध्ये, कल्याणहून खोपोलीपर्यंत रेल्वे गेली आणि या गावांना मुंबई जवळ आली. पाणी, रूळ आणि स्वस्त जमीन, तिन्ही एकत्र मिळाल्यावर कारखाने आले. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ मध्ये स्थापन झाली आणि अंबरनाथला सल्फ्युरिक आम्ल व खत बनू लागले. १९२० च्या दशकात विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना उभा राहिला.

ज्या आम्लाने हॅडफील्ड यांना चकवले, त्याच आम्लाच्या आसपास अंबरनाथची औद्योगिक वाढ सुरू झाली हा योगायोग बोलका आहे. अगंज पोलाद बाजारात रुळण्यापूर्वी आम्लाच्या धंद्यात शिशाचे अस्तर, दगडी चिनी माती आणि लाकूड हीच साधने असत. अतितीव्र सल्फ्युरिक आम्ल साध्या लोखंडी टाकीत राहू शकते, कारण लोखंडावर सल्फेटचा थर बसतो. त्यात पाणी शिरून ते सौम्य झाले की तीच टाकी खाल्ली जाते. आम्ल कोणते आणि किती तीव्र, यावर भांडे ठरते, हा धडा इथल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांनी गिरवला.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासितांना वसवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. नव्या गावात शेतजमीन नव्हती, त्यामुळे हाताला मिळेल तो लघुउद्योग लोकांनी उभा केला. १९५० च्या दशकात अंबरनाथला संरक्षण खात्याचे कारखाने सुरू झाले आणि शहाडला सेंच्युरी रेयॉन आली. रेयॉनचा धागा काढतात तोही सल्फ्युरिक आम्लाच्या कुंडातच. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मोरिवली, चिखलोली, आनंदनगर, माणकिवली, खरवई ही गावांची आणि वस्त्यांची नावे हळूहळू औद्योगिक पत्त्यांत जमा झाली. पाणी बारवी धरणाचे. १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत सुरू झालेली नौदलाची रसायन व धातू प्रयोगशाळाही पुढे अंबरनाथला आली. समुद्राच्या पाण्यात धातू कसे टिकतील हा तिच्या कामाचा एक भाग आहे.

रंग, औषधे आणि रसायनांचे मध्यम कारखाने आले म्हणजे त्यांना टाक्या, रिॲक्टर, उष्णता-विनिमयक आणि मैलोगणती नळ्या लागणार. त्यातून फॅब्रिकेशनचा धंदा वाढला. एम.एस. आणि एस.एस. ही अक्षरे इथल्या पोरांना बाराखडीइतकी पाठ असतात. एम.एस.वर चालवलेली ग्राइंडरची चकती एस.एस.ला लावायची नाही, हाही नियम तोंडपाठ. साध्या लोखंडाचे कण अगंज पोलादात रुतले की पहिल्याच पावसात तिथे तांबूस ठिपके दिसतात, आणि मालक म्हणतो, मटेरियल खोटे निघाले. मटेरियल खरे असते, साय मळलेली असते.

आम्लाचा हिशेब

रंग आणि त्याखालचा पट्टा काढण्याच्या क्रियेला पिकलिंग म्हणतात. दहा-पंधरा टक्के नायट्रिक आणि एक ते तीन टक्के हायड्रोफ्लुओरिक आम्लाचे कुंड असते, किंवा तेच मिश्रण लुकणासारखे करून ब्रशने सांध्याला लावतात. नायट्रिक धातूचे ऑक्सिडीकरण करते, हायड्रोफ्लुओरिक लोखंड आणि क्रोमियम यांना विद्राव्य स्वरूपात उचलून नेते. वरचे काही मायक्रॉन निघून जातात आणि क्रोमियमने समृद्ध असा ताजा धातू उघडा पडतो. मग भरपूर पाण्याने धुणे, आणि गरज असेल तर नुसत्या नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लात पॅसिव्हेशन. नवी साय धरते. कल्हईवाल्याच्या नवसागरासारखेच हे काम आहे: आधी जुना थर खायचा, मग नवा येऊ द्यायचा.

फरक आहे तो विषारीपणात. हायड्रोफ्लुओरिक आम्ल सौम्य असले तर कातडीवर पडल्या पडल्या फारसे दुखत नाही. ते आत शिरते, शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते, आणि वेदना सुरू होतात तेव्हा ते खोलवर पोचलेले असते. मोठ्या जखमेत रक्तातले कॅल्शियम उतरून हृदय बंद पडू शकते. म्हणून जिथे हे लुकण आहे तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी असणे ही चैन नाही, पहिली गरज आहे. नुसत्या रबरी चपला आणि फाटके हातमोजे घालून हे काम करणारा माणूस कोणत्या आम्लाशी खेळतो आहे, हे त्याला कोणीतरी त्याच्या भाषेत सांगायला हवे. वेल्डिंगच्या धुराचेही तसेच. अगंज पोलादाच्या धुरात सहासंयुजी क्रोमियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला.

वापरून संपलेल्या कुंडात लोखंड, क्रोमियम आणि निकेल विरघळलेले असते. नियम स्पष्ट आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमावलीत धातूंच्या पृष्ठभागावरील प्रक्रियांतून उरलेले आम्ल आणि गाळ यांची नोंद आहे. चुन्याने आम्ल मारले की धातू हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतात, फ्लोराइड कॅल्शियमबरोबर बसते, आणि तो गाळ तळोज्यासारख्या अधिकृत केंद्राकडे पाठवायचा असतो. पण चुना एका गोष्टीला हात लावू शकत नाही. नायट्रेट विरघळलेलेच राहते आणि पाण्याबरोबर पुढे जाते. उल्हास नदीवर माजणाऱ्या जलपर्णीचे मुख्य खाद्य शहरांचे सांडपाणी आहे. नायट्रेट त्याच ताटात वाढले जाते.

हा कागदावरचा मार्ग पाळणाऱ्याला खर्च येतो, न पाळणाऱ्याला नाला जवळ असतो. वालधुनी अंबरनाथहून उल्हासनगर ओलांडून कल्याणकडे जाते, आणि तिने काय काय वाहून नेले याची नोंद आता न्यायालयीन कागदपत्रांत आहे. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी उल्हासनगरजवळ एका टँकरमधून नदीत रसायन सोडले गेले आणि शेकडो रहिवाशांना श्वास कोंडल्यामुळे रुग्णालय गाठावे लागले. ती घटना सांगण्याचे कारण पोलाद नव्हे, नदीकडे पाहण्याची सवय. जुलै २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सामायिक सांडपाणी केंद्रे आणि स्थानिक संस्थांवर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई लादली. नदीच्या या दशेत पिकलिंगचा वाटा कापड, रंग आणि मैलापाण्याच्या मानाने लहान आहे. तरी तो वाटा असा आहे की तो मुळातच कमी करता येतो.

आम्ल न लागलेला सांधा

रंग येतो तापलेल्या धातूला ऑक्सिजन मिळाल्यामुळे. ऑक्सिजन मिळूच दिला नाही तर? १९४० च्या दशकात अमेरिकेच्या विमान उद्योगात टंगस्टनच्या इलेक्ट्रोडभोवती निष्क्रिय वायूचे आवरण सोडून वेल्डिंग करण्याची रीत निघाली. आधी हीलियम, मग स्वस्त पडणारा आर्गॉन. हवेत आर्गॉन जवळपास एक टक्का असतो, आणि तो कोणाशीही संयोग पावत नाही. आपल्याकडे या कामाला सरळ ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात.

टॉर्चमधला आर्गॉन सांध्याची बाहेरची बाजू राखतो. नळीची आतली बाजू, जिथून औषध किंवा दूध जाणार, ती हवेतच तापते. ती वाचवायची तर नळीची दोन्ही टोके बंद करून आतही आर्गॉन भरावा लागतो. याला परजिंग म्हणतात. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने यासाठी दहा नमुन्यांचा एक रंगतक्ता केला आहे. परजिंगच्या वायूत ऑक्सिजन दशलक्षात दहा भाग असेल तर नळी आतून चांदीसारखी राहते; प्रमाण वाढत पंचवीस हजार भागांपर्यंत गेले की ती काळी-निळी होते. म्हणजे आम्ल किती लागणार, हे आम्ल घेण्याच्या आधीच, किती मिनिटे परजिंग केले आणि टोकाच्या बुचातून हवा शिरली की नाही यावर ठरते.

अडचण पैशाची आहे. आर्गॉनचा सिलिंडर विकत घ्यावा लागतो, परजिंगला वेळ जातो, आणि तासावर काम करणाऱ्या वेल्डरला थांबून राहणे परवडत नाही. त्याउलट पिकलिंगच्या लुकणाचा डबा स्वस्त, आणि ते धुतलेले पाणी कुठे गेले हे बिलात लिहिलेले नसते. नदीच्या वाट्याचा खर्च बिलात धरला असता, तर आर्गॉन महाग दिसला नसता. ज्या सांध्यांवर परजिंग शक्य नाही, तिथे फॉस्फोरिक आम्लाच्या ओल्या ब्रशने विजेच्या साहाय्याने सांधा साफ करण्याची यंत्रे आहेत; हलक्या कामाला सायट्रिक आम्ल आहे. जाड निळा थर सायट्रिकने निघत नाही, हे खरे. म्हणून तो थर चढूच न देणे हाच पहिला उपाय.

हे ठरते कुठे? बहुतेक वेळा खरेदीच्या ऑर्डरवर. ‘वेल्डिंगनंतर पिकलिंग व पॅसिव्हेशन करून द्यावे’ अशी एक ओळ ऑर्डरमध्ये वर्षानुवर्षे छापली जाते. तिच्या वर आणखी एक ओळ हवी: आतून परजिंग करून वेल्ड करावे, सांध्याचा रंग तक्त्यातल्या अमुक नमुन्यापेक्षा गडद नसावा, आणि त्यासाठीचा आर्गॉन व वेळ वेगळ्या दराने आकारावा. औषध कारखाने आपल्या स्वच्छ नळ्यांसाठी असे लिहून घेतात, हे काम करणारे कुशल वेल्डरही याच वसाहतींत आहेत. साध्या टाक्या, जिने आणि हॉटेलच्या किचनच्या कामात ती ओळ नसते. ती लिहिण्याचा अधिकार वेल्डरला नाही, नदीलाही नाही. तो गिऱ्हाइकाला आहे.